पिसाची माशी आणि राखी रानकोंबडा

भोर आणि वेल्हे भागांतील नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांवरची परंपरागत मासेमारी जाळे, बांबूचे सापळे आणि गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावलेला गळ यांवर उभी राहिली. पहिल्या पावसात ओढ्यांतून भातखाचरांकडे चढणारे, म्हणून ‘चढणीचे’ म्हटले जाणारे मासे धरण्यास आणि गढूळ पाण्यात वासावर येणाऱ्या माशाला गळाला लावण्यास ही साधने पुरेशी होती. आमिषाऐवजी पीस, लोकर आणि दोरा गळावर बांधून किड्याचा आभास निर्माण करण्याची कला, जिला मासेमारीच्या परिभाषेत ‘फ्लाय’ बांधणे म्हणतात, ती येथे बाहेरून आली. तरीही तिच्या इतिहासाचा एक धागा सह्याद्रीच्या याच रांगांतून जातो आणि तो राखी रानकोंबड्याशी जोडलेला आहे.

या कलेचा सर्वांत जुना सविस्तर उल्लेख इ. स. २०० च्या सुमारास लिहिणाऱ्या एलियन या रोमन ग्रंथकाराचा असून, मॅसिडोनियातील अ‍ॅस्ट्रेअस नदीवरचे कोळी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवत, असे त्याने नोंदवले आहे. आज नवशिक्याला शिकवली जाणारी फ्लाय जवळजवळ हीच आहे. गळ लहान शिकंज्यात आडवा धरायचा, मेण लावलेला रेशमी दोरा नेढ्यापासून, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्रापासून, वाकापर्यंत घट्ट वेढत न्यायचा, तेथे लोकरीचा धागा अडकवून तो पुढे गुंडाळत शरीर तयार करायचे आणि नेढ्यामागे थोडी जागा मोकळी ठेवून मानेचे एक पीस देठाने बांधून त्याचे दोन-तीनच वेढे द्यायचे. वेढा पडताच पिसाचे तंतू किड्याच्या पायांसारखे चहूकडे उभे राहतात, पाण्याच्या ओढीने हलतात आणि माशाला ते जिवंत वाटतात. वेढे जास्त झाले तर ही हालचाल मरते, आणि नेढ्याजवळ दाटी झाली तर दोऱ्याची शेवटची गाठ बसायला जागाच उरत नाही. गावठी कोंबडा आणि धनगरांच्या मेंढ्यांची लोकर या दोन्ही गोष्टी मावळात पूर्वापार आहेत, त्यामुळे या कलेचा आरंभ येथे कोणत्याही परदेशी सामग्रीवाचून करता येतो.

गळाने मासे पकडण्याचा शास्त्रशुद्ध विचारही दख्खनला नवा नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून, त्यात माशांचे प्रकार आणि त्यांना घालायचे आमिष यांची चर्चा येते. तेथेही भर खाद्यावर आहे, पिसांवर नाही.

राखी रानकोंबड्याच्या बाबतीत मात्र पिसालाच महत्त्व आले. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम साईक्स याने १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या पक्ष्यांच्या सूचीत, घाटातील जंगलांत हा पक्षी विपुल असल्याचे नमूद केले, आणि पुढे दख्खनच्या माशांवरील निबंधात पुण्याजवळच्या नदीतील महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन त्यानेच दिले. तेव्हा हा डोंगरी मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. त्याचे प्रचंडगड आणि राजगड हे तालुके आजच्या वेल्ह्याच्या परिसरात मोडत. या रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांच्या टोकांना मेणासारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात, आणि व्हिक्टोरियन काळातील ब्रिटिश शिकाऱ्यांनी सॅमन माशासाठी बांधलेल्या ‘जॉक स्कॉट’सारख्या भपकेबाज फ्लायमध्ये हे ठिपके गालासारखे दोन्ही बाजूंना बसवले जात. माशाला याची गरज होती असे मानण्यास फारसा आधार नाही. हौसेपोटी वाढलेल्या मागणीचा भार मात्र एका जंगली पक्ष्यावर पडला, आणि ही गोष्ट खेदाचीच आहे. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये जंगली पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, ब्रिटनने १९२१ मध्ये आयातीविरुद्ध कायदा केला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याच्या शिकारीवर बंधन आले.

फ्लाय महाशीरसाठीही चालते, याची चर्चा हेन्री सुलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये मंगळूर येथे छापलेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथात केली होती. तिचे यश दृष्टीवर अवलंबून असल्याने ती पावसाळ्यातील तांबड्या पुरात निरुपयोगी ठरते, आणि पाणी निवळल्यावर, साधारण दसऱ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंतच कामाला येते. पृष्ठभागावरचे किडे टिपणारी अळकूट हा तिच्यासाठी सर्वांत सोयीचा मासा होय. महाशीरची स्थिती वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेळवंडीवर भाटघर येथे धरण झाले, १९२० च्या दशकात त्याच्या जागी आणखी मोठे उभे राहिले, आणि पुढे नीरेवर व गुंजवणीवरही बांध पडल्याने अंडी घालण्यासाठी वर चढणाऱ्या माशाची वाट तुटली. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास केली जाते. अशा माशासाठी फ्लाय बांधताना गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करण्याची पद्धत आहे, कारण त्यामुळे गळ सहज निघतो आणि मासा पाण्याबाहेर न काढता सोडून देता येतो.