हिवाळी निसर्गछायाचित्रण, सोलापूर परिसरातील

सोलापूर जिल्ह्यातील माळराने, जलाशय आणि रब्बीची शेते यांच्या हिवाळी रूपांचे छायाचित्रण. थंडीच्या ऋतूतील निसर्गछायाचित्रणाचे पाश्चात्त्य संकेत मुख्यतः बर्फ, गोठलेले पाणी व निष्पर्ण वृक्ष यांवर आधारलेले आहेत. सोलापुरात यांपैकी बर्फ व हिम मुळीच नाहीत. येथे डिसेंबरमध्ये दैनिक किमान तापमानाची सरासरी सु. १५° ते १६° से. असते. त्यामुळे या प्रदेशातील छायाचित्रकाराला आपले विषय स्थानिक ऋतुमानातूनच शोधावे लागले. या शोधाचा इतिहास माळरानाच्या आणि माळढोक पक्ष्याच्या इतिहासाशी निगडित आहे.

पार्श्वभूमी : हिवाळी विषयांच्या चित्रणाचा पाया अमेरिकेतील व्हर्मॉंट राज्यातील शेतकरी विल्सन बेंटली (१८६५–१९३१) याने घातला, असे म्हणता येईल. त्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक स्फटिकांची चित्रे टिपली. आपल्या दारात जे पडते त्यातच विषय आहे, ही त्याची दृष्टी महत्त्वाची होय. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९० च्या दशकात पक्ष्यांची घरटी जागच्या जागी चित्रित केली. पुढे लपणगृहाचा उपयोग करून पक्ष्याला न बिचकविता त्याच्याजवळ जाण्याची पद्धती त्यांनी रूढ केली.

महाराष्ट्रात छायाचित्रण लवकर आले. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली व त्यानंतर लवकरच एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. तथापि या काळातील कॅमेऱ्याचे लक्ष व्यक्ती, वास्तू व लेणी यांकडे होते. जड उपकरणे, ओल्या काचपट्ट्या आणि दीर्घ प्रकाशनकाल यांमुळे चंचल प्राणी टिपणे जवळजवळ अशक्य होते. भारतातील वन्यजीव छायाचित्रणास एफ्. डब्ल्यू. चॅंपियन या वनाधिकाऱ्याच्या १९२७ मधील व्याघ्रचित्रांच्या ग्रंथाने चालना मिळाली. ई. एच्. एन्. लोथर याचा भारतातील पक्षिछायाचित्रणावरील ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. या परंपरेत घनदाट अरण्य, मोठी श्वापदे व घरटी यांना अग्रक्रम होता. उघडा, कोरडा माळ त्यात क्वचितच दिसे. महसुली भाषेतही अशी जमीन ‘पडीक’ म्हणून ओळखली जात असल्याने तिच्यात पाहण्यासारखे काही असते, ही जाणीव उशिरा आली.

ऋतुमान व प्रकाश : सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून येथील पाऊस कमी व अनिश्चित आहे. त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. परतीच्या पावसानंतर कुसळी, पवन्या, मारवेल इ. गवते बी धरतात व वाळून सोनेरी होतात. त्याच वेळी काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत शाळू (रब्बी ज्वारी), करडई व हरभरा वाढीस लागतात. परिणामी माळ पिवळा आणि शेत हिरवे, असा उलटा रंगमेळ हिवाळ्यात दिसतो. मंगळवेढ्याची ज्वारी आणि मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवडलेला ‘मालदांडी’ वाण या शेतीशी संबंधित आहेत.

प्रकाशाची स्थितीही अनुकूल असते. सोलापूर सु. १७° ४०' उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, छाया पायाशी आखडतात व भूरूपे सपाट भासतात. याउलट २२ डिसेंबरला मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून सु. ४९° उंचीवरच असतो आणि दिवस सु. ११ तासांचा असतो. त्यामुळे सकाळी व दुपारनंतर दीर्घकाळ तिरपा प्रकाश मिळतो. त्यात गवताचे प्रत्येक पाते व कुसळ उजळून उठते. प्रकाशाच्या विरुद्ध दिशेने घेतलेल्या चित्रात कोळ्याच्या जाळ्यावरील दहिवर, काळविटाच्या नाकातून निघणारी वाफ किंवा गुरांच्या पायांनी उडालेली धूळ ही स्वतंत्र विषय ठरतात.

माळढोक व नान्नज : या माळाकडे देशाचे लक्ष वेधले ते माळढोकामुळे. सु. एक मी. उंचीचा व १५ किग्रॅ.पर्यंत वजनाचा हा पक्षी (आर्डिओटिस नायग्रिसेप्स) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहे. सोलापूरच्या उत्तरेस असलेल्या नान्नज परिसरातील त्याच्या अस्तित्वामुळे १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत पसरलेल्या या अभयारण्याचे मूळ क्षेत्र सु. ८,४९६ चौ. किमी. होते. त्यात खाजगी जमिनी व गावठाणे आल्याने व्यवहारांवर निर्बंध आले आणि स्थानिकांत असंतोष निर्माण झाला. २०१२ मध्ये हे क्षेत्र सु. १,२२२ चौ. किमी. करण्यात आले. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. असद रहमानी यांच्या नेतृत्वाखाली या पक्ष्याचा अभ्यास केला. नान्नज हे त्याचे एक प्रमुख क्षेत्र होते.

माळढोकाचा विणीचा हंगाम मुख्यतः पावसाळ्यात असतो. मान फुगवून उभा राहणारा नर हा छायाचित्रकारांचा आवडता विषय असून तो त्या हंगामातील आहे. हिवाळ्यात मात्र पक्षी विखुरतात. दुर्मिळ पक्ष्याच्या एका चित्रासाठी आलेल्यास हा ऋतू रिकामा वाटे. माळाचे अन्य रहिवासी अशा वेळीच नजरेस येऊ लागतात. वाळल्या गवताशी रंगाने एकरूप होणारे धाविक, चंडोल व पखुर्डी, तसेच लांडगा, खोकड व काळवीट यांचे चित्रण करताना मुख्य अडचण जवळ जाण्याची नसून प्राणी दिसण्याचीच असते. उत्तरेकडून येणारे भोवत्या (हॅरिअर) जातीचे शिकारी पक्षी दिवसभर गवतावरून खालून उडत भक्ष्य शोधतात आणि रात्री थव्याने गवतातच जमिनीवर विसावतात. उंच गवत राखलेला माळ नसेल, तर त्यांना रात्रीचा आसराच उरत नाही.

शेत व जलाशय : पूर्व यूरोप व मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्या (पळस मैना) शाळूच्या शेतांवर मोठ्या थव्यांनी उतरतात. शेतकरी गोफणीने त्यांना हाकलतो, तर छायाचित्रकार सायंकाळी आकाशात वळणे घेणाऱ्या त्याच थव्याची वाट पाहतो. एकाच दृश्यातील हा विरोध या प्रदेशाच्या चित्रणाचा अस्सल विषय होय. सोलापूरजवळील एकरूख (हिप्परगा) तलाव एकोणिसाव्या शतकात सिंचनासाठी बांधला गेला. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. कालव्यांतून पाणी सुटू लागले की उजनीचा काठ मागे सरकतो व चिखलपट्टे उघडे पडतात. रोहित (अग्निपंख), पट्टकादंब, चक्रवाक व अनेक चिखलपक्षी तेथे येतात. भिगवण, कुंभारगाव हा पुणे जिल्ह्यातील काठ त्यासाठी प्रसिद्ध झाला आहे. याच जलाशयात अनेक गावे बुडाली. पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. पक्ष्यांच्या या नव्या अधिवासाची किंमत कोणी मोजली, याची ती खूण होय.

तंत्र व दृष्टी : फिल्मच्या काळात २५ वा ६४ ए.एस.ए. इतक्या मंद रंगीत फिल्मवर पहाटेच्या प्रकाशात उडता पक्षी टिपणे अवघड होते. त्यामुळे स्थिर विषय, छायाकृती व भूदृश्ये यांना महत्त्व राहिले. एकविसाव्या शतकात अंकीय कॅमेरे सार्वत्रिक झाल्यावर ही मर्यादा सरली. त्याबरोबर गर्दी, वाहनांनी पाठलाग आणि विश्रांतिस्थळी होणारा त्रास वाढला. पाठलागाने उडविलेला स्थलांतरित पक्षी परतीच्या प्रवासासाठी साठविलेली शक्ती खर्च करतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करण्यास परवाना आवश्यक आहे.

पाहण्याच्या या दृष्टीला मराठीत शब्द मिळाले, त्यात मूळचे सोलापूरचे वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या पक्षिकोशाने अनेक पक्ष्यांची देशी नावे वाचकांपुढे आणली. नाव ठाऊक असलेला पक्षी गवतातही ओळखू येतो.

महत्त्व : माळढोक २०११ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला आणि नान्नज परिसरातील अलीकडच्या गणनांत तो अपवादानेच आढळला आहे. शिकार, शेतीचा विस्तार, विजेच्या तारा व माळावर केलेली वृक्षलागवड ही त्याच्या ऱ्हासाची कारणे मानली जातात. गवताळ माळाला उजाड समजून त्यावर झाडे लावली गेली, ही त्यातील विशेष लक्षणीय बाब होय. १९८० च्या दशकातील माळढोकाची चित्रे आता कलाकृतींपेक्षा पुरावे म्हणून अधिक मोलाची ठरली आहेत. त्यांत पक्षी जवळून दिसतो, परंतु त्याच्या भोवतीचा माळ बहुधा पुसट राहिला आहे. आजच्या हिवाळी चित्रांत गवत, दहिवर, शाळूचे शेत व ओसरता काठ ठळक येतात, हा या परंपरेतील खरा बदल होय. भोवत्या व चंडोल अजून येथे आहेत. त्यांचा माळ ओळखला गेला, तरच त्यांची चित्रे पुढील काळात केवळ पुरावा म्हणून उरणार नाहीत.