डफाचे कडे आणि सुताराचा सरस

आपल्या पिढीजात व्यवसायाच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, असे स्मरणिकेच्या चालकांनी मला सुचविले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. सारी हयात मुलांना शिकविण्यात गेली. विद्वत्तेचा माझा दावा नाही. परंतु सुताराच्या घरी जन्मल्यामुळे एक वास माझ्या नाकात कायमचा बसला आहे. तो शिजणाऱ्या सरसाचा. द्वारकेवरील आमच्या जुन्या घराच्या पडवीत तो रोज दरवळे. आज तेथे आग्रा रोड आणि पुणे रोड यांच्या वाहनांची अखंड घरघर असते. सरस शिजविणारे मात्र कोणी उरले नाही.

आमच्या घरात आजोबांच्या हातचा एक डफ आहे. त्याच्या लाकडी कड्यावर हाडाच्या चौकटी आणि पितळेची पाने जडविलेली आहेत. ह्या डफाच्या निमित्तानेच लाकडाला दुसरा पदार्थ चिकटविण्याच्या विद्येचा इतिहास मी धुंडाळू लागलो. त्याचे कारण फारसे भूषणावह नाही; ते पुढे सांगतो.

ही विद्या अतिप्राचीन आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चर्मवाद्यांच्या तोंडावर नदीकाठची माती लावावी, आणि ती न मिळाल्यास गव्हाचे अथवा जवाचे पीठ वापरावे, असे सांगितले आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला आपण आजही कणीक लावतो, ती ह्याच परंपरेतील. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत तर वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात चार प्रकार आहेत. पहिला कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुले इत्यादी वनस्पतींचा काढा आटवून त्यात राळ, गुग्गुळ मिसळण्याचा. दुसऱ्यात लाख येते. तिसरा जनावरांची शिंगे व कातडे यांपासून केलेला. आणि चौथा शिसे, कासे वगैरे धातूंचा. हे लेप मंदिरे, भिंती व मूर्ती यांसाठी होते. तथापि तिसऱ्या प्रकाराकडे पाहिले म्हणजे आपला सरस त्याच कुळातील आहे, हे ध्यानी येते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या पंडिताने एकच लेप न सांगता चार सांगितले, ह्यातच मर्म आहे. कोणता पदार्थ कशावर बसवावयाचा, हे पाहून लेप निवडावयाचा असतो.

आता डफाकडे वळू. पेशवाईच्या उत्तरकाळात डफ आणि तुणतुणे यांच्या साथीवर शाहिरांनी महाराष्ट्र गाजविला. त्यांतील परशराम आपल्याच जिल्ह्यातील, सिन्नर तालुक्यातील बावीचे. शिंपीकाम करून ते कवने रचीत. होनाजी गवळी, तर सगनभाऊ शिकलगार. हाताला घट्टे पडलेली ही माणसे होती, हे आपण विसरू नये.

शिकलगारांचे नाव निघाले म्हणून मिरजेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. तलवारींना धार लावणारे हे कारागीर संस्थानी लढाया संपल्यावर निरुद्योगी होऊ लागले. त्यांच्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये दुरुस्त करण्याचा व पुढे घडविण्याचा उद्योग मिरजेत सुरू केला, आणि शस्त्रे परजणाऱ्या हातांनी तंबोरे, सतारी जगास दिल्या. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही समस्त कारागिरांना अभिमानाची गोष्ट होय. अशा वाद्यांवरील पांढरी नक्षी पूर्वी हाडाची व हस्तिदंताची असे. पुढे सेल्युलॉइड आले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्या यांमुळे हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि ते योग्यच झाले.

परंतु पदार्थ बदलला की त्याला धरणारा लेपही बदलावा लागतो. हाड व हस्तिदंत यांना सरस चांगला धरतो. सेल्युलॉइड हे कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून व त्यात कापूर मिसळून बनविलेले असते. ॲसिटोन लावल्यास ते किंचित विरघळून चिकटते. सतारीला ते शोभते. डफाला मात्र ते बसवू नये. डफ वाजविण्यापूर्वी विस्तवावर शेकावा लागतो, आणि सेल्युलॉइड ठिणगी लागताच भडकते. एकाच्या अंगचा गुण तो दुसऱ्याच्या ठायी घात ठरतो.

पितळेची गोष्ट आणखी निराळी. गुळगुळीत धातूला सरस सहजी धरीत नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिस येथे बूल नावाचा कारागीर पितळ आणि कासवाची पाठ लाकडात जडवीत असे. त्या पद्धतीने काम करणारे युरोपातील कारागीर पितळेच्या पाठीवर लसूण चोळून मग सरस लावीत. आमचे आजोबा पितळेची पाठ कानशीने खरवडीत, लाख तापवून पान बसवीत आणि शिवाय दोन बारीक खिळे मारीत. लाख उष्णतेने मऊ पडते. म्हणून शेकताना पान घसरू नये, ह्यासाठी ते खिळे. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवरील कीटकांपासून मिळणारी ही लाख सावंतवाडीच्या रंगीत लाकडी कामातही नांदत आली आहे.

सरस करण्याची रीतही सांगून ठेवतो. सरसाचे तुकडे रात्रभर थंड पाण्यात भिजत घालावेत. सकाळी ते भांडे गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून वितळवावे. प्रत्यक्ष विस्तवावर ठेवू नये. उष्णता साठ अंशांच्या आसपास असावी. उकळी फुटली की सरसाचा जोर गेला. थंडीच्या दिवसांत लाकूड आधी उन्हात कोमट करावे, नाही तर सरस लावताक्षणीच थिजतो आणि सांधा पोकळ राहतो.

ह्या खटाटोपाचा शेवट १९५९ साली दृष्टिपथात आला. त्या वर्षी बळवंत पारेख यांनी मुंबईत फेव्हिकॉल बाजारात आणले. न भिजविता, न तापविता वापरावयाचा हा पांढरा लेप. सुताराचा कितीतरी वेळ त्याने वाचविला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. दारे-खिडक्या, मेजे-कपाटे यांस तो उत्तम. मात्र ह्या जातीचे पांढरे लेप उष्णतेने नरम पडतात व सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतात. डफाच्या कड्यावर तर कातड्याचा ताण सदैव असतो.

आता माझी चूक. १९९२ च्या सुमारास आमच्या डफाच्या कड्यावरील हाडाच्या काही चौकटी सुटल्या. मी शिकलेला, मला वाटले, जितका लेप बळकट तितका उत्तम. बाजारातून दोन नळ्यांचा, एकत्र करून लावावयाचा अतिकठीण लेप आणला आणि चौकटी पक्क्या बसविल्या. पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगले, उन्हाळ्यात आकसले. हाड काही त्याच्यासारखे फुगत-आकसत नाही, आणि मधला लेप दगडासारखा. तो दोघांनाही हलू देईना. वर्षभरात चार चौकटींना तडे गेले. त्या काढू गेलो, तर लेप निघेना. पटाशी चालविली, तेव्हा आजोबांनी कोरलेली खाचच उखडून हाती आली.

वडील तेव्हा हयात होते. ते रागावले नाहीत. कडे हातात फिरवीत एवढेच म्हणाले, "मास्तर, सांधा लाकडाआधी सुटावा असा असावा. सुटला तर पुन्हा बसविता येतो. लाकूड तुटले तर काय बसवणार?" वडिलांनी मला मास्तर म्हणावे, हे त्या दिवशी फार लागले.

सरस ओल आणि ऊब यांनी सुटतो, हा त्याचा दोष म्हणून मी मानीत होतो. तोच त्याचा गुण आहे, हे मला तेव्हा उमगले. दुरुस्ती करणाऱ्या पुढच्या हाताला तो वाट मोकळी ठेवतो. आज वस्तुसंग्रहालयांतील जाणते लोकही पुन्हा सोडविता येईल असाच सांधा पसंत करतात. माझ्या निरक्षर आजोबांना ते ठाऊक होते. साक्षर नातवाला नव्हते.

आज ढोलपथकांच्या हाती बहुधा पत्र्याचे पिंप आणि प्लास्टिकचे पान असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या नातवाला मात्र आजोबांचा डफ वाजवावयाचा आहे. कड्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावरील चौकटी अद्याप मूळच्या सरसावर उभ्या आहेत. त्यांतील दोन ढिल्या झाल्या आहेत. ह्या हिवाळ्यात मी व तो मिळून सरस शिजविणार आहोत. उखडलेली खाच तशीच ठेवणार आहे. ती पाहून त्याने शिकावे.

समाजबंधूंना एकच विनंती. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांपाशी सरस, लाख, राळ, चिंचोक्याची खळ यांच्या ज्या रीती असतील, त्या वहीत उतरवून घ्याव्यात. कोणत्या लाकडाला काय लावीत, किती तापवीत, कोणत्या ऋतूत लावीत, हे सारे लिहावे. आणि घरातील जुन्या वस्तूला बाजारचा लेप लावण्यापूर्वी एकदा विचारावे, की हा उद्या सुटेल काय? मी हे न विचारता लेप लावला आणि आजोबांच्या हातची खाच गमावली. ती मला ह्या जन्मी परत कोरता येणार नाही.