जनुकीय उत्परिवर्तनांचे पेशीपरीक्षण
जनुकातील एखादा बदल घातक आहे की निरुपद्रवी, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत तोच बदल मुद्दाम घडवून ठरवण्याची पद्धत. जनुकातील अक्षरांच्या क्रमवाचनाने बदल दिसतो, त्याचा अर्थ कळत नाही. ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ हा शेरा घेऊन घरी परतणाऱ्या रुग्णाच्या हाती फारसे काही लागत नाही.

गाजलेला प्रयोग बीआरसीए-१ या स्तन व बीजांडकोशाच्या कर्करोगाशी निगडित जनुकावरचा (वॉशिंग्टन विद्यापीठ, सिॲटल, २०१८). त्यासाठी निवडलेल्या हॅप-१ पेशी मूळच्या एका रक्तकर्करोग्याच्या. त्यांत बहुतेक गुणसूत्रांची एकच प्रत असल्याने बिघाड झाकणारी दुसरी प्रत नसते, आणि बीआरसीए-१ निकामी झाले की त्या तगत नाहीत. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने ३,८९३ एकाक्षरी बदल घडवून कोणते बदल असलेल्या पेशी टिकतात, ते मोजण्यात आले. अर्थात, पेशींचा निकाल म्हणजे रोगनिदान नव्हे. कौटुंबिक इतिहास पाहावाच लागतो.

महाराष्ट्रात आनुवंशिक कर्करोगावर टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेत संशोधन होते.  बीडसारख्या जिल्ह्यातील रुग्णांना मात्र शासकीय कर्करोग रुग्णालयासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते.