एकादशीचे ताट : काल आणि आज



गळ्यात तुळशीची माळ पडली की एकादशी आपोआप वाट्याला येते. माळ, वारी आणि एकादशी एवढे सांभाळले की बाकीचे पांडुरंग सांभाळतो, अशी आपल्या वाडवडिलांची श्रद्धा. जळगाव-धुळ्याकडच्या गावागावांतून कीर्तनसेवा करीत आयुष्य गेले. पूर्वी कीर्तन आटोपल्यावर मंडळी अभंगाच्या अर्थाविषयी विचारीत. शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत मात्र एक वेगळाच प्रश्न कानी येऊ लागला. "महाराज, मला शुगर निघाली. एकादशी धरू की सोडू? त्या दिवशी गोळी घेतली तर व्रत मोडते का?" कोणी गोळी टाकून व्रत धरतो आणि दुपारी टाळ हातात असतानाच घेरी येऊन बसतो. कोणी व्रत सोडतो आणि मनातल्या मनात कुढत राहतो. दोघांचेही नुकसानच. म्हणून या प्रश्नाचा धागा धरून आपल्या ताटाचाच इतिहास तुमच्यापुढे मांडतो. उत्तर त्यातच आहे.

हा रोग आजचा नव्हे. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही प्रमेहाचे वर्णन केले आहे. त्यांच्या प्रमेहात आजच्या मधुमेहाखेरीज मूत्राचे इतरही विकार येतात, पण मधुमेह हा शब्द आपल्याला त्यांनीच दिला. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, ही खूण चरकसंहितेत नोंदलेली आहे. कारणेही तिथेच सांगितली आहेत : बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही-दूध अति खाणे, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ. आता आपल्या घरात एकदा नजर फिरवा. यातले कोणते कारण आज हजर नाही? उपचार सांगतानाही चरकाने प्रथम आहारच सांगितला आणि त्यात जवाला मानाचे स्थान दिले.

सुश्रुताने जे सांगितले ते तर वारकऱ्याने कान देऊन ऐकावे असे आहे. ज्याच्यापाशी पैसा नाही, पाठीशी गणगोत नाही, अशा रोग्याने माधुकरी मागत, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत, मुनीसारखे मन आवरून १०० योजने किंवा त्याहून अधिक चालावे. सावा, देवभात, आवळा, कवठ अशांवर निर्वाह करावा, गाईंच्या मागे हिंडावे, विहीर खणावी, असेही उपाय त्याने सांगितले आहेत. योजन चार कोसांचे धरले तर १०० योजने म्हणजे ४०० कोस. आपल्या आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघून बुलढाणा, जालना, बीड या वाटेने पंढरपूरला जाते. ही वाट ५०० किलोमीटरहून अधिक भरते आणि चालायला महिना लागतो. ज्या काळी परतीची वाटही पायीच होती, त्या काळचा वारकरी सुश्रुताच्या आकड्याच्या जवळपास पोहोचत होता. वारी आपण रोग हटवण्यासाठी करीत नाही, भेटीच्या ओढीने करतो, हे खरे. पण ज्या जगण्यातून वारी उभी राहिली त्या जगण्यात हा रोग वस्तीला येणे अवघड होते, हेही तितकेच खरे.

आता खान्देशाच्या ताटाकडे येऊ. १८८० साली इंग्रज सरकारने खान्देश जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले. त्या वेळी जळगाव, धुळे, नंदुरबार हा सगळा मिळून एकच जिल्हा होता आणि १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले. बाजरी आणि ज्वारी हीच इथल्या माणसाची मुख्य धान्ये होती. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला दादर पिके, सातपुड्याच्या आणि साक्रीकडच्या डोंगरात नागली, भगर, कोदरा. गहू सणावाराचा. पुरणाचे मांडे खापरावर पडत ते अक्षय्यतृतीयेला किंवा जावई आला तर. रोजच्या ताटात दादरची किंवा कळण्याची भाकरी असे.

कळणा म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेले पीठ. आपल्या आज्यांनी पुस्तक वाचून हे केले नव्हते. पण आजचे आहारतज्ज्ञ हेच सांगतात, की धान्याबरोबर कडधान्य आले, कोंडा राहिला, सोबत भरीत किंवा पालेभाजी आली, म्हणजे अन्नाची साखर रक्तात एकदम न चढता सावकाश उतरते. मात्र एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ज्वारी हे औषध नव्हे. तिच्यातही पिष्टच आहे. कळण्याची भाकरी आहे म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. आजोबा चार खात, कारण ते दिवसभर मोट हाकीत.

हे ताट बदलले ते एका दिवसात नाही. आधी चहा आला आणि त्याच्या पाठोपाठ साखर. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे कारखाने महाराष्ट्रभर पसरले. त्यांनी शेतकऱ्याच्या हातात पैसा दिला हे नाकारू नये, पण साखर स्वस्त आणि प्रतिष्ठेचीही झाली. १९६४ साली संकरित ज्वारी आली. पीक वाढले, पण त्या भाकरीला दादरची चव नाही म्हणून लोक कुरकुरत. मग १९७२ चा दुष्काळ पडला. परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि रोजगाराच्या कामावरची सुकडी ज्यांनी खाल्ली त्यांना ते दिवस सांगायला नकोत. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ नेमाने मिळू लागले. दादर पेरणे, राखणे, कापणे कष्टाचे, त्यापेक्षा कापूस आणि केळी यांना पैसा. बघता बघता भाकरी पाहुणी झाली आणि पोळी घरची झाली. सोबत मोट गेली, बैलगाडी गेली, दारात मोटारसायकल उभी राहिली. चरकाने सांगितलेली कारणे एकेक करून घरात शिरली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची देशभरची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत.

एकादशीच्या ताटाचा इतिहास तर याहून चमत्कारिक आहे. आपण ज्याला उपवासाचे म्हणतो त्यातले साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची हे सारे अमेरिका खंडातून आलेले. वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ साली, आणि या वस्तू त्यानंतर पोर्तुगीजांच्या व्यापारातून हळूहळू आपल्याकडे पोहोचल्या. ज्ञानोबाराय आणि नामदेवराय तेराव्या शतकातले. त्यांच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी असणे शक्यच नव्हते! ज्या कंदापासून आज साबुदाणा होतो त्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमकडे निघाले, तेही दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. म्हणजे जी खिचडी आपण सनातन समजतो ती अनेकांच्या आजोबांहूनही वयाने लहान आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या पुढे निव्वळ पिष्ट असते आणि प्रथिने नावापुरती. मधुमेह्याने सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याची भाजी, संध्याकाळी रताळ्याचा गोड कीस आणि मधूनमधून केळी असे खाल्ले, तर तो उपवास झाला की मेजवानी, हे ज्याने त्याने ठरवावे. केळी आमच्या रावेर-यावलची, तिचा अभिमान मलाही आहे. पण अभिमानाने रक्तातली साखर उतरत नाही.

मग शास्त्र काय सांगते? पंढरपूरच्याच काशीनाथ उपाध्यायांनी शके १७१२ मध्ये, म्हणजे १७९० साली, धर्मसिंधु हा ग्रंथ पुरा केला. महाराष्ट्रात व्रतवैकल्याचा निर्णय आजही त्याच्या आधाराने होतो. एकादशीचा अधिकार त्यात आठव्या वर्षापासून ऐंशीपर्यंत सांगितला आहे, पण ज्याला निराहार झेपत नाही त्याच्यासाठी पायऱ्याही दिल्या आहेत : दूध, फळे, रात्री एकदाच भोजन, दिवसातून एकदाच भोजन. अगदीच अशक्त असेल त्याच्यासाठी मुलाने वा पत्नीने व्रत करावे, अशीही सोय शास्त्राने ठेवली. महाभारतात विदुरनीतीत व्रताला बाधा न आणणाऱ्या आठ गोष्टी मोजल्या आहेत. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. माउली, आठवे नाव पुन्हा वाचा. औषध! गोळीने किंवा इन्सुलिनच्या सुईने एकादशी मोडत नाही. भागवतातल्या अंबरीष राजाने तर अतिथीचा मान आणि पारण्याची वेळ दोन्ही राखण्यासाठी केवळ पाण्याचा घोट घेऊन व्रत सांभाळले. व्रतात विवेक आहे, हट्ट नाही, हे तो सांगून गेला.

आहाराने या रोगाला आवर घालण्याचा इतिहास पश्चिमेकडेही आहे. १८७०-७१ साली पॅरिसला वेढा पडला, अन्न तुटपुंजे झाले, आणि बूशार्दा नावाच्या वैद्याला दिसले की मधुमेह्यांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. इन्सुलिन निघण्यापूर्वी रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच मार्ग होता. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले आणि मरणाच्या दारातली लेकरे परत आली. म्हणून 'औषध नको, पथ्यच पुरे' असे सरसकट कोणी म्हणू नये. पण पथ्याची ताकदही थोडी नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली जाहीर झालेल्या एका प्रयोगात रोग होऊन सहा वर्षे न झालेल्या स्थूल रोग्यांना काही महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी मोजका आहार दिला. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसात दोनदाच जेवण आणि रोज पाऊण तास चालणे याचा प्रसार केला. त्यांना ती प्रेरणा नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांकडून मिळाली. सगळ्या डॉक्टरांचे त्यावर एकमत नाही. तुमच्या शरीराला ते मानवेल का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आता नित्याच्या आचाराचे सांगतो. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे असू द्या, पाव ताट वरण-उसळीचे, आणि उरलेल्या पावात भाकरी. गोडाचा चहा आधी अर्धा करा, मग बंद करा. दर तीन महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करा. बहुतेकांना ती ७ च्या खाली ठेवायला सांगतात, पण म्हाताऱ्या माणसाचा आकडा डॉक्टर वेगळा ठरवतील.

एकादशी येण्याआधीच, आठवडाभर अगोदर, डॉक्टरांना सांगा की मी उपवास धरणार आहे. काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसताना साखर फार खाली नेतात. गोळी घ्यायची की मात्रा कमी करायची, हे त्यांनी ठरवायचे, आपण नाही. ताटात थोडी भगर, ताक, काकडी, दुधी, मूठभर शेंगदाणे, एखादा पेरू एवढे पुरे. भगरही मोजूनच. आणि अंगाला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, डोके भ्रमिष्ट झाले, तर साखर ७० च्या खाली गेल्याची ती खूण समजा. तीन चमचे साखर पाण्यात घालून तत्काळ प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या दिवशी निर्जला एकादशी असली तरी प्या. ते औषधच आहे.

वारीत सुश्रुताचे चालणे घ्या, पण त्याचे अनवाणीपण मधुमेह्याने घेऊ नये. या रोगात पायाची जाण मंदावते, काटा रुतलेला कळत नाही आणि साधा फोड चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. मऊ बूट, स्वच्छ मोजे घाला आणि रोज मुक्कामी तळवे कंदिलाजवळ पाहा. स्वतःला दिसत नसतील तर शेजारच्या माउलीला दाखवा. २०२३ पासून आषाढी वारीच्या वाटेवर सरकारची 'आरोग्याची वारी' असते. तिथे साखर तपासून घ्यायला लाजू नका.

सप्ताहाच्या मंडळींनाही हात जोडून विनंती आहे. काल्याच्या पंगतीत वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी असू द्या, तो आपला आनंद आहे. पण एका कोपऱ्यात कळण्याची भाकरी, भरीत आणि ताकाची एक पंगतही मांडा, आणि बिनसाखरेच्या चहाची एक किटली वेगळी ठेवा. आग्रहाने वाढताना समोरचा 'शुगर आहे' म्हणाला तर 'प्रसादाला नाही म्हणू नये' असे त्याला ऐकवू नका. बुंदीचा एक दाणाही प्रसादच असतो.

पांडुरंगाने युगे उभे राहून दाखवले. त्याच्या भेटीला जायला आपले दोन पाय शाबूत हवेत, एवढेच या लेखाचे मागणे. व्रत धरा, पथ्य धरा, गोळी सोडू नका.

रामकृष्णहरि.