सूक्ष्मप्रक्रियक-उद्योग : स्पर्धा व बाजारपेठ

सूक्ष्मप्रक्रियक म्हणजे संगणकातील गणनक्रिया पार पाडणारी सिलिकॉनची चिप होय. या उद्योगातील स्पर्धा प्रथम ग्राहकाच्या आग्रहातून उद्भवली. १९८१ च्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलची चिप स्वीकारताना आयबीएमला दुसराही पुरवठादार हवा होता. म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडी या कंपनीशी उत्पादनाचा करार केला. पुढे ३८६ (१९८५) या चिपचा तपशील देण्यास इंटेलने नकार दिल्याने दीर्घ वाद उद्भवला. अखेर १९९१ मध्ये एएमडीने स्वतःची ३८६ चिप बाजारात आणली. निव्वळ आकड्यावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येईना, म्हणून इंटेलने १९९३ च्या चिपला ‘पेंटियम’ हे नाव दिले. तिच्या विकासाचे नेतृत्व पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांनी केले होते. १९९५ मध्ये ते नेक्सजेन कंपनीत गेले; ती एएमडीने विकत घेतली आणि पेंटियमच्या प्रतिस्पर्धी ‘के ६’ (१९९७) चिपच्या विकासातही त्यांचा मोठा वाटा राहिला. हे वर्तुळ किती लहान होते, हे यावरून दिसते.

त्यानंतर आराखड्यापेक्षा निर्मितीचा खर्च निर्णायक ठरू लागला. एएमडीने २००९ मध्ये आपले कारखाने वेगळे काढले. तिच्या अद्ययावत चिप तैवानची टीएसएमसी तयार करते; २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या काही प्रक्रियकांचे मुख्य भागही तिनेच घडविले.