हूखेल-घराची वाटचाल

बर्लिनच्या नैर्ऋत्येला, पॉट्सडॅमजवळच्या पाइनच्या रानात विल्हेल्म्सहोर्स्ट हे गाव आहे. तिथल्या एका घरात कवी पेटर हूखेल राहत. पूर्व जर्मनीतल्या ‘झिन उंड फोर्म’ या नियतकालिकाचे ते 1949पासूनचे संपादक. देश दुभंगलेला असताना दोन्हीकडच्या वाचकांना आपला वाटावा असा अंक ते काढत. सत्ताधाऱ्यांना नेमके हेच खुपले आणि 1962मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. वर्षभरातच त्यांनी पश्चिम बर्लिनचा फोंटाने पुरस्कार स्वीकारला, मग तर घरावर पाळतच बसली. टपाल अडवले जाई, येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर असे. 1971मध्ये देश सोडण्याची परवानगी मिळेपर्यंत हे असेच चालले. त्यांच्यामागे एरिश आरेंट हे कवी त्या घरात राहिले. 1984मध्ये तेही गेले.

या घराचे साहित्यगृह झाले आणि 1997मध्ये त्याची सूत्रे लुट्झ झायलर यांच्याकडे आली. झायलर तिथेच राहायलाही आले. जन्म 1963चा, गेरा शहरातला. बालपणीचे कुल्मिच हे गाव युरेनियमच्या खाणीसाठी उठवून जमीनदोस्त करण्यात आले. झायलर गवंडीकाम, सुतारकाम करत मोठे झाले; वाचनाची आणि लिहिण्याची ओढ लागली ती सक्तीच्या लष्करी सेवेत असताना. युरेनियमच्या खनिजावरून नाव घेतलेला त्यांचा कवितासंग्रह 2000मध्ये आला आणि जाणकारांच्या नजरेत भरला.

स्मारकाची जबाबदारी घेतली की लेखक कार्यक्रमपत्रिका आणि अनुदानाचे अर्ज यांतच अडकतो, हा आपल्याकडचाही अनुभव. इथे मात्र कारभार आणि लेखन दोन्ही चालत राहिले. घरात वाचने, चर्चा होत होत्या आणि 2007मध्ये झायलर यांच्या एका कथेला इंगेबोर्ग बाखमन पुरस्कार मिळाला. पहिली कादंबरी ‘क्रुझो’ आली ती पन्नाशी उलटल्यावर, 2014मध्ये. 1989च्या उन्हाळ्यात, राजवट कोसळत असताना, हिडेन्झे बेटावरच्या एका खानावळीत त्यांनी भांडी घासली होती. कादंबरी त्याच उन्हाळ्याची आहे. तिला जर्मन बुक प्राइझ मिळाले. पुढे ‘श्टेर्न 111’ला 2020चा लाइपझिग पुस्तकमेळ्याचा पुरस्कार. माझ्या मते मात्र झायलर आधी कवीच. कादंबरीतही त्यांचे वाक्य कवीसारखे थांबत थांबत पुढे सरकते.

2023मध्ये त्यांना जर्मन साहित्यातला सर्वांत मानाचा ग्यॉर्ग ब्युखनर पुरस्कार मिळाला. तो हूखेल यांना कधीच मिळाला नव्हता.