बेचाळीस किलोमीटरच्या पुढचा अभ्यास

ऑगस्ट १९२०मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. वेळ होती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, ऑलिंपिकच्या इतिहासातला सर्वांत लांब. सदाशिव दातारही त्याच शर्यतीत होते. त्यांना ती पूर्ण करता आली नाही. दोघांच्या या प्रवासाचे मूळ पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात आहे. जिमखान्याच्या वार्षिक सामन्यांत शेतकरी घरांतली मुले अनवाणी लांबलांब अंतरे धावताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवायचे मनावर घेतले.

या पुस्तकाच्या विषयाची ओळख मी मुद्दाम तिथून करून देतो आहे. लांब पल्ल्याचे धावणे म्हणजे महागड्या बुटांबरोबर बाहेरून आलेला नवा छंद, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. त्यापायी नवखा धावपटू सरावाआधी दुकान गाठतो, आणि तो जे वाचतो ते बहुतेक थंड, कोरड्या हवेतल्या धावपटूंवर बेतलेले असते हे त्याच्या ध्यानात येत नाही. पुढच्या पानांत वेगवेगळ्या जाणकारांनी लिहिले आहे. त्यांचे काही बाबतींत पटत नाही, पण एका गोष्टीवर एकमत आहे: शरीराचे नियम सगळीकडे सारखे असले तरी हवा, चढ, अन्न आणि पावसाचे महिने ज्याचे त्याचे असतात. म्हणून हा अभ्यास आपण जिथे धावतो तिथे, आपल्याच अंगावर पुन्हा करून पाहावा लागतो.

४२.१९५ किलोमीटरहून लांब ती अल्ट्रा-मॅरेथॉन, इतकी सोपी व्याख्या आहे. काही शर्यतींत अंतर ठरलेले असते, काहींत वेळ. बारा किंवा चोवीस तासांत जितके होईल तितके धावायचे. चौगुले धावले त्यानंतर नऊ महिन्यांनी, २४ मे १९२१ रोजी, दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरित्झबर्ग ते डर्बन अशी कॉम्रेड्स शर्यत सुरू झाली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून विक क्लॅफम यांनी ती भरवली. ३४ जण सुटले, १६ पोचले. सुमारे ९० किलोमीटरच्या या शर्यतीत कृष्णवर्णीय धावपटूंना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला मात्र १९७५ उजाडले. तिचा गौरव करताना हेही सांगायलाच हवे. आपल्याकडे सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरवाटांची शर्यत आहे, लोणावळ्याच्या घाटरस्त्यांवरची ५० किलोमीटरची आहे, आणि १५ ऑगस्टला शिवाजी पार्कला बारा तासांची धाव भरते. अल्ट्रासाठी परदेशी जायची गरज उरलेली नाही.

सरावालाही नाही. मी मुंबईत जोगेश्वरीत राहतो. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागून आरे वसाहत आहे. तिच्या चढउतारांवर पहाटे शेकडो लोक धावतात. उत्तरेला बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, आणि त्यात प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा, शेवटी चांगलाच चढणारा रस्ता. हा रस्ता दोनदा वर-खाली केला की चोवीस ते अठ्ठावीस किलोमीटर अंतर होते आणि चढउताराचा सरावही. एक सूचना मात्र गंभीरपणे करतो: आरेत बिबट्यांचा वावर आहे. उजाडल्याशिवाय, एकट्याने, कानात गाणी लावून तिथे धावू नये.

आता हवेविषयी, कारण मुंबईकराचा खरा प्रतिस्पर्धी तीच आहे. घाम वाळतो तेव्हा अंग गार होते. नुसता निथळला तर उपयोग नाही. मे महिन्यात पहाटे साडेपाचलाही इथली हवा इतकी दमट असते की बनियन पिळून काढावा लागतो आणि अंग तापलेलेच राहते. तेव्हा नेहमीच्या वेगाने नाडी नेहमीपेक्षा बरीच वर जाते. पुस्तकातला वेग पकडायला जाऊ नये, नाडीचे ऐकावे. आणि घाम मोजावा. त्यासाठी घरचा वजनकाटा पुरतो: धावण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन घ्यायचे, तासभर धावून आल्यावर अंग कोरडे पुसून पुन्हा घ्यायचे. जितके घटले त्यात वाटेत प्यायलेले पाणी मिळवले की तासाचा घाम कळतो. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. हाच प्रयोग जानेवारीत केला तर आकडा वेगळा येतो.

घाम गेला तितके सगळे पाणी प्यायचेच, असे मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेचे वैद्यक संशोधक टिम नोक्स यांनी १९८५मध्ये अतिदीर्घ शर्यतींतले असे रुग्ण नोंदवले, ज्यांची प्रकृती पाणी कमी पडून बिघडलेली नव्हती, जास्त झाल्यामुळे बिघडली होती. रक्तातले सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येते, जीवही जाऊ शकतो. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले तर ती धोक्याची खूण समजावी. तहान लागेल तसे प्यावे, हा सल्ला साधा आहे आणि तो मोठी किंमत मोजून मिळालेला आहे. दुखरे पाय घेऊन पुढे जाण्यासाठी वेदनाशामक गोळ्या घेण्याची पद्धत तर सरळ बंद व्हावी. घामाने सुकलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर घाला घालतात.

अन्नाचा हिशेब त्याहून सोपा. १९६७च्या सुमारास स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या स्नायूतून सुईने कण काढून दाखवून दिले की तिथला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपला की माणूस थांबतो. स्नायू आणि यकृत मिळून हा साठा साधारण दोन हजार उष्मांकांचा. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे सुमारे एक उष्मांक लागतो. साठ किलोच्या माणसाला पन्नास किलोमीटरला तीन हजार लागणार. चरबी बरीच मदत करते, तरी तूट उरतेच. ती वाटेत खाऊन भरायची. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके, हा सर्वसाधारण आकडा. ती परदेशी पाकिटातूनच आली पाहिजेत असे पोटाचे म्हणणे नसते. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, केळे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, कोकम सरबत हे सगळे चालते. फक्त शर्यतीच्या दिवशी काहीही पहिल्यांदा खाऊ नये. पोटालाही सराव लागतो.

पायांचा सराव हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग आहे, म्हणून इथे थोडक्यात. अल्ट्राची तयारी करणारा वेग वाढवत नाही, पायांवर उभे राहण्याचा वेळ वाढवतो. शनिवारी लांब धावून रविवारी दमलेल्या पायांनी पुन्हा धावणे, ही यातली जुनी आणि कसाला उतरलेली रीत. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका. चढावर चालणे कमीपणाचे नाही. अनुभवी धावपटू मोठ्या चढावर चालतातच. खरी झीज उताराला होते, कारण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात. उताराचा सराव न करता घाटातल्या शर्यतीला जाणाऱ्याचे गुडघे शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये बोलू लागतात.

आणि मग सामान. ते शेवटी ठेवले आहे, कारण त्याची जागा तीच आहे. अभिनेते मिलिंद सोमण २०१७मध्ये फ्लोरिडातल्या अल्ट्रामॅन स्पर्धेत ८४ किलोमीटर अनवाणी धावले. त्यामागे अनेक वर्षांची सवय आहे, तेव्हा उद्या बूट फेकून देण्याचे ते कारण होऊ शकत नाही. बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभरात पाय फुगतात आणि लांब शर्यतीत आणखी फुगतात. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. आरेच्या डांबराला मऊ, सपाट तळ चालतो. सह्याद्रीच्या ओल्या मातीला खोल खाचांचा तळ हवा. तळाचा फोम पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये दबतो, वरून बूट कितीही नवा दिसो. मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवते आणि पावसाळ्यात फोड हमखास येतात. जांघा आणि काखा सोलवटू नयेत म्हणून व्हॅसलीन लावावे. खोबरेल तेलही चालते. पाण्याची पिशवी पाठीला घट्ट बसते की हलते, हे दुकानात कळत नाही. ती भरून वीस किलोमीटर धावल्यावरच कळते. सोबत बॅटरी आणि शिट्टी असावी. डोंगरात दोन्हींची गरज पडते.

चाळिशी उलटलेल्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या, किंवा घरात हृदयविकार असलेल्या वाचकाने पुढचे पान उलटण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

बाकी वाचकांकडे एक मागणी आहे. दमट किनारपट्टीवरच्या धावपटूंविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. एक साधी वही करा. तारीख, वेळ, हवामान, धावण्याआधीचे आणि नंतरचे वजन, प्यायलेले पाणी, खाल्लेले पदार्थ, बुटांचे किलोमीटर आणि कुठे काय दुखले, इतके नेमाने लिहा. जोगेश्वरीतल्या, वसईतल्या, रत्नागिरीतल्या धावपटूंच्या अशा वह्या जमल्या तर या पुस्तकाची पुढची आवृत्ती आपल्या हवेतल्या आकड्यांवर उभी करता येईल.